भातखाचरावरच्या फवारणी ड्रोनला उंचीसाठी काय बसवावं: लेसर की रडार?

शहापूर-मुरबाडच्या खाचरांवर फवारणीचा ड्रोन चालवायचा, तर बॅरोमीटर आणि जीपीएसच्या भरवशावर उंची सांभाळता येत नाही, हे पहिल्याच हंगामात कळतं. पिकाच्या वर दोन-अडीच मीटर हवेत, आणि इथली खाचरं पायऱ्यांची. दर बांधाला जमीन हातभर वर नाहीतर हातभर खाली. तेव्हा ड्रोनच्या पोटाखाली उंची मोजणारं काहीतरी लागतंच. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींवरून अंतर मोजणारा सेन्सर, यात धरलेला नाही. पंख्यांच्या वाऱ्यात आणि आवाजात तो टिकत नाही. खरी निवड लेसर (प्रकाशाच्या झोताने अंतर मोजतो) आणि रडार (रेडिओलहरींनी मोजतं) यांच्यातली. आम्ही दोन्ही चालवून पाहिले आहेत.

कोरड्या जमिनीवर लेसरला नाव ठेवायला जागा नाही. वरकसावरची नाचणी असो की उन्हाळी भाजीपाला, आकडा स्थिर येतो, वजन नगण्य, जोडणी सोपी. आणि किंमत काही हजारांत भागते. चांगलं रडार त्याच्या कितीतरी पट जातं. तुमचं काम मुख्यतः उन्हाळी पिकांचं असेल तर लेसर घेऊन मोकळे व्हा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

भातावर मात्र गणित बदलतं, आणि बदलतं ते साचलेल्या पाण्यामुळे. चिखलणी नुकतीच झालेली असते तेव्हा पाणी गढूळ असतं, त्यातल्या मातीच्या कणांवरून लेसरचा प्रकाश परत येतो. दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि खाचराचा आरसा होतो. लेसरचा झोत जेमतेम 3 अंशांचा. ड्रोन पुढे जाताना नाकाशी 5-6 अंश झुकलेला असतो, म्हणजे झोत पाण्यावर तिरका पडतो आणि परावर्तन सेन्सरकडे न येता पलीकडे निघून जातं. पंख्यांच्या वाऱ्याने लाटा उठल्या की मध्येच एखादं मोजमाप येतं, पुढची दोन-तीन येत नाहीत.

लावणीनंतर यात आणखी भर पडते. रोपांतलं अंतर 20 बाय 15 सेंटिमीटर, आणि 3 मीटरवरून लेसरचा ठिपका पडतो सुमारे 16 सेंटिमीटरचा. म्हणजे एका क्षणी ठिपका चुडावर, दुसऱ्या क्षणी दोन चुडांमधल्या पाण्यात. रोपाची जेवढी उंची, तेवढा आकडा खालीवर नाचतो. ड्रोन उडवणारा त्याचा संगणक, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, बिचारा त्यामागे धावतो. ड्रोन ओळीत डुलायला लागतो. आकडा सलग काही सेकंद आलाच नाही तर त्याहून वाईट. अर्डूपायलट या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरवर उंची सेन्सरवरून धरायला लावलेली असेल, तर सुमारे 5 सेकंदांनी फेलसेफ, म्हणजे बिघाडावेळची सुरक्षा-व्यवस्था, लागतो आणि ड्रोन अर्धी ओळ टाकून घरी परततो. पुन्हा तिथूनच सुरू करताना एक पट्टा दोनदा फवारला जातो किंवा एक राहून जातो. राहिलेला पट्टा त्या दिवशी दिसत नाही. निळ्या भुंगेऱ्यांनी पानं खरवडून पांढरी केली, की आठवड्याने बांधावर उभं राहून मोजून दाखवता येतो, आणि शेतकरी तो दाखवतोच. आमच्यापुरता निर्णय याच एका गोष्टीने झाला.

रडारचा झोत रुंद, साधारण 40 अंशांचा. 3 मीटरवरून तो सव्वादोन मीटरच्या आसपास जागा व्यापतो. ड्रोन 6 अंश झुकला तरी पाण्याला काटकोनात जाणारा किरण झोतात कुठेतरी असतोच, आणि पाणी रडारला फार चांगलं परत पाठवतं. त्यामुळे निवळलेलं खाचर हीच त्याची सर्वांत सोपी जागा. शिवाय लेसरच्या काचेवर औषधाचा तुषार वाळून पांढरा थर बसतो, तो दर बॅटरीला पुसावा लागतो. रडारला तसा सुका थर जाणवत नाही.

पण रडारलाही भातावर शिकवावं लागतं. 24 गिगाहर्ट्झच्या रडारलहरींचा पट्टा 250 मेगाहर्ट्झ रुंद आहे, त्यातून दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात सुमारे 60 सेंटिमीटर अंतर लागतं. पानांची टोकं आणि खालचं पाणी त्याला एकच दिसतं. रोपं विरळ असताना तो प्रत्यक्षात पाण्यापासूनची उंची देतो, फुटवे येऊन पिकाने पाणी झाकलं की मोजणीची पातळी हळूहळू पाण्यावरून पानांकडे वर सरकते. म्हणून दर फवारणीआधी खाचरात काठी रोवून पिकाची उंची मोजायची आणि ठरवलेल्या उंचीत ती मिळवायची. पीक 40 सेंटिमीटर असेल आणि त्याच्यावर 2 मीटर हवे असतील, तर सुरुवातीच्या दिवसांत 2.4 लावा. 77 गिगाहर्ट्झची रडारं जास्त बारीक पाहतात, पण तोंडावर पाण्याचा पातळ थर बसला की त्यांचा सिग्नल अधिक पडतो. आमचा कल त्यामुळे 24 कडेच राहिला. मोठ्या शेतांवर दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

बांधावर रुंद झोत थोडा त्रासही देतो. ताशी 14-15 किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला 4 मीटरला, बांध पाव सेकंद आधी दिसतो. वर चढताना ते बरंच. खाली उतरताना मात्र ड्रोन उशिरा उतरतो आणि बांधाच्या पायथ्याचा मीटरभर पट्टा जरा उंचावरून फवारला जातो. ओळी बांधाला समांतर आखल्या तर हे जवळजवळ संपतं.

बसवताना स्टँडचे पाय, फवारणीची दांडी, टाकीचा कडा यांपैकी काहीही झोतात येऊ देऊ नका. जागेवर उभ्या ड्रोनवर रडार सतत एकच लहान आकडा दाखवत असेल, तर तो स्वतःचाच पाय पाहतोय. पुढे कार्बन फायबरचं झाकण चालत नाही, ते लहरी अडवतं. साधं प्लास्टिक चालतं. शेवटच्या अर्ध्या मीटरला बहुतेक रडारं गोंधळतात, म्हणून उतरताना त्यावर विसंबू नका. आणि पडघ्याभोवती उच्चदाबाच्या तारांचं जे जाळं आहे, ते खाली पाहणाऱ्या या दोन्ही सेन्सरांना दिसत नाही. तिथे ओळी आखताना तारा स्वतः पाहून घ्या.

लेसर हाताशी असेल तर लगेच टाकून देऊ नका, आधी परीक्षा घ्या. अंगणात ताडपत्री पसरून कडा विटांनी उचला, 5 सेंटिमीटर स्वच्छ पाणी भरा. सेन्सर अडीच मीटरवर बांबूला बांधून आधी सरळ, मग 6 अंश तिरका धरा आणि दोन्ही वेळचा लॉग (आकड्यांची नोंद) मिनिटभर घ्या. तिरक्या लॉगमध्ये रेषा तुटली नाही, तर यंदाचा हंगाम त्यावरच काढा.