दंडावरचा शुगर सेन्सर: मशीन छान, शेअरिंग जरा जपून

दंडाला चिकटवायचा तो १४ दिवस चालणारा ग्लुकोज सेन्सर वापरतेय, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. लावताना दुखत वगैरे काही नाही, सारखं बोट टोचायची कटकट जवळपास संपते, आणि एचबीएवनसी या रक्ततपासणीतल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीत जे दिसतच नाही ते इथे दिसतं, म्हणजे जेवल्यावर शुगर किती चढली, थोडं चाललं की कशी उतरली, नीट झोप नाही झाली तर सकाळी काही न खाताच कशी वर गेली. फक्त हा रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो त्यामुळे ५ ते १५ मिनिटं मागे असतो. त्याच हातावर झोपलात तर दाब पडून खोटीच लो, म्हणजे शुगर फार कमी झाल्याचं दाखवतो आणि मध्यरात्री अलार्म! शंका आली की बोट टोचून बघायचंच.

आता खरी भानगड. सेन्सर ब्लूटूथने फोनमधल्या ॲपला आकडे पाठवतो, आणि त्यातून घरच्यांना लाइव्ह रिडिंग दाखवायची सोय आहे. ऐकायला भारी वाटतं, पण मी चार लोकांत जेवतेय आणि लेकाचा मेसेज, "आई १९० झाली, काय खाल्लंस?" अरे जेवल्यावर वाढणारच ना! बहुतेकांना ७० ते १८० चं टार्गेट देतात आणि दिवसातला ७०% वेळ त्यात राहिलात तरी चांगलं म्हणतात. पण बघणाऱ्याला प्रत्येक आकडा म्हणजे आपला गुन्हाच. गंमत म्हणजे "एवढ्याने काय होतंय, घे गं" म्हणून आग्रह करणारेही हेच. मग माणूस ब्लूटूथ बंद करून खातो. लोक बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घेतात ते काही हौस म्हणून नाही, "बापरे, इतकं वाढलंय?" हे ऐकायचं नसतं म्हणून. मीही बाहेर जाताना लांब बाह्याच घालते.

शेवटी शेअरिंग एकाच माणसापुरतं ठेवलं, आणि तेही फक्त लो अलर्ट. इन्सुलिनवर असाल तर तो बंद करूच नका. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे त्या माणसाला पाठ हवं, बाकी ग्राफ बघून त्याला काय करायचंय.

सेन्सरला ४.५, ॲपला ३. घामाने पट्टीच्या कडा सुटतात, वरून टेप लावा.