काउच टू फाइव्ह-के : नऊ आठवड्यांचं वेळापत्रक, गोव्याच्या हवेत

पळायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या वेगामुळे. शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजली की जीव खाऊन धावायचं, दोनशे मीटरवर धाप लागायची आणि बरगडीखाली कळ यायची. व्यायाम म्हणजे हेच, असं शरीर तेव्हापासून धरून बसतं. ‘काउच टू फाइव्ह-के’ (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत) हे वेळापत्रक या भीतीवरचा आम्हांला माहीत असलेला सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय आहे. जॉश क्लार्क या अमेरिकन माणसानं ते 1996 साली आखलं, पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईलाही जमावं इतकं सोपं. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेनं त्याच नावाचं मोफत ॲप काढलं, आणि आज त्या धर्तीची बरीच ॲप्स मिळतात.

आठवड्यातून तीन दिवस, दोन पळण्यांमध्ये निदान एक दिवस सुट्टी. प्रत्येक दिवशी आधी पाच मिनिटं भरभर चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं रमतगमत. पहिल्या आठवड्यात मधली वीस मिनिटं अशी : 60 सेकंद पळणं, 90 सेकंद चालणं, आठ वेळा. म्हणजे अर्ध्या तासात पळणं फक्त आठ मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात 90 सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. तिसऱ्यात पहिल्यांदा सलग तीन मिनिटं येतात, चौथ्यात पाच. नवव्या आठवड्यात सलग तीस.

या आखणीचा खरा गुण चालण्याच्या तुकड्यांत आहे. दम पूर्ण संपायच्या आत थांबायला मिळतं, श्वास जागेवर येतो, आणि पुढचा तुकडा छातीवर दडपण न येता सुरू होतो. शेवटची पाच मिनिटं शांत गेली तर परवा पुन्हा बूट घालायला मन कुरकुरत नाही. म्हणून वेळ कमी असला तर एखादा पळण्याचा तुकडा गाळा, शेवटचं चालणं गाळू नका.

वेग किती हवा, हे मात्र बहुतेक ॲप्स नीट सांगत नाहीत, आणि तिथेच लोक सोडून देतात. पळताना आरतीचं एक कडवं मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. दर दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. शेजारून भरभर चालणारा माणूस तुमच्या पुढे गेला तरी चालेल. पावलं छोटी टाका, टाच पुढे फेकू नका, पाऊल शरीराच्या खाली पडू द्या. गोव्याच्या दमट हवेत घाम अंगावरून उडत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. इथे पळणाऱ्यानं थंड हवेतल्या माणसाच्या वेगाशी तुलना करूच नये. पहाटे ऊन नसतं, पण आर्द्रता सर्वांत जास्त तेव्हाच असते, हेही लक्षात ठेवा.

नावाबद्दल आमची तक्रार आहे. तीस मिनिटांत पाच किलोमीटर व्हायचे तर किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग लागतो. नवशिका बहुधा आठ-नऊ मिनिटं घेतो, म्हणजे नवव्या आठवड्यात साडेतीन किलोमीटरच्या आसपास पोचतो. यात काहीच कमी नाही. पण नावात पाच असल्यामुळे लोक शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर पुरं करायला वेग वाढवतात आणि पाय दुखवून घेतात. अंतर दाखवणारा आकडा सरळ बंद करून ठेवा.

दुसरा दोष पाचव्या आठवड्यातला. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं पळणं, पाच मिनिटं चालणं, पुन्हा आठ मिनिटं पळणं. तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस. हळू पळणाऱ्याला ते जमतं, कारण सोळा मिनिटांची तयारी झालेली असते. ज्यानं आदल्या आठवड्यांत पाच मिनिटांचे तुकडे जोरात मारलेत, तो बाराव्या मिनिटाला उभा राहतो आणि बरेचदा परत येत नाही. यावर सोपी तोड आहे : सहाव्या आठवड्यातला दहा-तीन-दहाचा दिवस मध्येच घ्या, म्हणजे दहा मिनिटं पळणं, तीन चालणं, परत दहा पळणं. मग सलग वीस. नऊचे दहा आठवडे झाले तर झाले.

फुप्फुसं चांगली झाली, पण पायाच्या नळ्या (नडग्या) ओरडायला लागल्या, असं साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतं. दम लवकर सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात. सुट्टीचा दिवस त्यांच्यासाठी असतो. नळीच्या आतल्या कडेला लांबलचक पट्ट्यात दुखत असेल तर तो आठवडा सोडून मागचा आठवडा पुन्हा करा. बोट ठेवलं की एकाच बिंदूवर कळ येत असेल तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, छातीत दुखणं किंवा मधुमेहाची औषधं असतील त्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावं. इन्सुलिन घेणाऱ्यानं खिशात साखर ठेवावीच.

जागेचं म्हणाल तर पहिले चार आठवडे गावातलं फुटबॉलचं मैदान आमच्या मते सर्वांत उत्तम. पूर्ण मापाच्या मैदानाची कड जवळजवळ साडेतीनशे मीटर भरते, जमीन मऊ, वाहनं नाहीत, आणि थांबावंसं वाटलं तर घर लांब नाही. एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून फिरा, नाहीतर वळणावर एकाच गुडघ्यावर भार येतो.

पणजीच्या मिरामार किनाऱ्याची वाळू मोहात पाडते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते, त्यामुळे पहिल्या आठवड्याचे साठ सेकंदही जड जातात. ओली, घट्ट पट्टी हवी, आणि ती ओहोटीला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे ओहोटी असते आणि किनारा रुंद होतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे अष्टमीकडे सकाळी पाणी वर आलेलं असतं, भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, असलं तरी. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. जितकं गेलात तितकंच त्याच पट्टीवरून परत या. अनवाणी पळण्याची हौस आठवड्यातून एकदा, तीही पहिले काही दिवस पाचेक मिनिटांपुरती. नाहीतर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरतेच. करंझाळ्याकडे रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढत असतील तर दोरांच्या मागून वळसा घ्या, वरून उडी मारू नका.

मिरामार ते दोनापावला हा साधारण तीन किलोमीटरचा रस्ता सातव्या आठवड्यानंतर ठीक. एक कान उघडा ठेवा. कुत्री अंगावर आली तर पळू नका, चालायला लागा. बहुतेक वेळा ती तिथेच सोडून देतात.

सुरुवात नोव्हेंबरच्या मध्याला करा, म्हणजे नऊ आठवडे जानेवारीच्या मध्यापर्यंत थंडीतच संपतात. मध्ये जत्रा, लग्नं, नाताळ येणार. एक आठवडा चुकला तर आधीचा आठवडा पुन्हा, दोन चुकले तर दोन मागे. पावसाळ्यात सुरुवात करणं आम्ही सुचवणार नाही. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि फुटपाथांवर शेवाळ धरतं, आणि भिजलेले बूट दोन दिवस वाळत नाहीत. आतले तळवे काढून वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला.

खर्च बुटांचाच. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पायाच्या मोठ्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नऊ आठवड्यांत शंभरेक किलोमीटर होतात आणि चांगली जोडी पाचशेच्या पुढे टिकते, तेव्हा एकच जोडी पुरे. ॲप विकत घेऊ नका, मोबाईलमधला साधा इंटरव्हल टायमर तेवढंच काम करतो.

अर्ध्या तासासाठी आधी खायची गरज नाही, पाणी प्या. परतल्यावर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, गेलेला घाम भरून काढायला हे पुरतं.

या वेळापत्रकाला पाचपैकी चार गुण. एक गुण पाचव्या आठवड्यासाठी कापला. दहाव्या आठवड्यात लगेच अंतर वाढवू नका. महिनाभर तीसच मिनिटं ठेवा, आणि तीनपैकी एक दिवस सोबत्याशी गप्पा मारत पळा.