सिडनीतल्या नमुनेदार माणसांची वॉकिंग टूर: माणसं भारी, गाईड ठीकठाक, 5 पैकी 3.5

आई तीन महिन्यांसाठी आलीये. ऑपेरा हाऊस, ब्रिज, बाँडाय बीच सगळं पहिल्या पंधरा दिवसांतच उरकलं आणि मग आता काय असं झालं, तेव्हा ही टूर बुक केली. सिडनीत पूर्वी होऊन गेलेले एकेक नमुने, म्हणजे ज्यांना अख्खं शहर तोंडओळखीने ओळखायचं अशी विक्षिप्त माणसं, त्यांच्या गोष्टी ऐकत शहरातून पायी फिरायचं, अडीच तास, माणशी 45 डॉलर. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी आहेत आणि गाईड पोरगा मनाने चांगला होता, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. तशाही असल्या टूर बऱ्याच जण करतात, तुम्ही कुठलीही घेतली तरी हे वाचून ठेवा.

सुरुवातच गंडली. मेसेजमध्ये नुसतं "सर्क्युलर कीला भेटू" एवढंच. अरे बाबा सर्क्युलर की केवढं आहे, वर ट्रेन, खाली फेरीचे धक्के, मध्ये पर्यटकांची जत्रा, आम्ही पंधरा मिनिटं इकडून तिकडे आणि आईचे गुडघे तिथेच कुरकुरायला लागले. शेवटी एक पिवळी छत्री दिसली. मग कानात घालायला एकेक हेडसेट मिळाला, माझा खरखरत होता, आईचा बंदच होता, बदलून मागितला तर म्हणे आज जास्तीचे आणले नाहीत. असो.

पण पहिलीच गोष्ट अशी सांगितली ना त्याने की राग गेला. समोर पॅरामाटाला, म्हणजे पश्चिमेकडच्या उपनगराला जाणारी फेरी लागलेली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, समजा 1840 चं दशक आहे आणि तुम्ही या बोटीत चढताय आणि एक माणूस गरमागरम पाय विकतोय. पाय म्हणजे खायचा पाय, मांस भरलेला, आईला हे दोनदा समजवावं लागलं. तर हा माणूस म्हणजे विल्यम किंग, लोक त्याला फ्लाइंग पायमन म्हणायचे. टोपीला रंगीत फिती, गुडघ्यापर्यंतची विजार, पांढरे मोजे असा सगळा थाट. बोट सुटली की हा उरलेला माल घेऊन रस्त्याने पायी पॅरामाटाला निघायचा, वीस-पंचवीस किलोमीटर, आणि बोट लागायच्या आत तिकडच्या धक्क्यावर हजर. ज्यांनी इकडे नको म्हटलं त्यांनाच तिकडे उरलेले पाय विकायचा! पायवाला, आणि तोही पायी. हा विनोद मी आईला सांगितला आणि ती एवढ्या जोरात हसली की पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या.

हा किंग पैजाही मारायचा. विंडसरच्या टपालगाडीशी शर्यत लावून पायी तिच्या आधी पोचला. एकदा चाळीसेक किलोची जिवंत बकरी खांद्यावर घेऊन शहरातून पॅरामाटापर्यंत गेला आणि ठरलेल्या वेळेच्या बारा मिनिटं आधी. 39 दिवसांत 1,634 मैल चालला असंही एक रेकॉर्ड सांगतात. गाईड बकरी खांद्यावर घेतल्याची ॲक्टिंग करत होता ती मस्त होती, एका छोट्या मुलाने तर बकरी होऊन दाखवलं.

पण गोष्ट तिथेच संपली. "आणि असा हा आपला लाडका पायमन!", टाळ्या, चला पुढे. मला आपलं वाटत राहिलं की मग पुढे काय झालं त्याचं. रात्री घरी येऊन बघितलं तर 1873 साली लिव्हरपूलच्या असायलममध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रमात वारला. लिव्हरपूल म्हणजे आपलं इथलंच, इंग्लंडचं नाही. हे सांगायला किती सेकंद लागतात? दहा?

दुसरा थांबा मार्टिन प्लेस, जीपीओच्या, म्हणजे जुन्या मुख्य पोस्ट ऑफिसच्या टॉवरखाली. अख्ख्या टूरमधला हा सगळ्यात चांगला भाग आणि गंमत म्हणजे इथे बघायला काहीच नाही, नुसती मान वर करून घड्याळाकडे बघायचं. गाईडने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ला, हा टॉवर उतरवून ठेवला होता, बॉम्ब पडले तर म्हणून. 1960 च्या दशकात परत चढवायला घेतला तेव्हा घंटेच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला एक शब्द सापडला, "इटर्निटी". म्हणजे अनंतकाळ, चिरंतन, काय म्हणाल ते. तिथे तो कधी आणि कसा पोचला कोणालाच माहीत नाही. कोणी लिहिला ते मात्र सगळ्यांना माहीत. ते शेवटच्या थांब्यावर सांगतो म्हणाला आणि निघाला. आई मागे वळून वळून टॉवरकडे बघत होती, त्यात एकदा खांबाला धडकता धडकता वाचली.

मग मॅक्वारी स्ट्रीटवरची स्टेट लायब्ररी. (तिथे खिडकीच्या कट्ट्यावर ट्रिम नावाच्या मांजराचा पुतळा आहे, मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीचं मांजर, त्याच्यासोबत जहाजातून फिरलेलं. टूरमध्ये नाही, तुमचं तुम्ही बघा, फार गोड आहे.) इथे गोष्ट होती बी माइल्सची. या बाईसाठी खरं तर वेगळी टूर पाहिजे. जन्म 1902, घरचं चांगलं, बाप पैसेवाला, युनिव्हर्सिटीत गेलेली, पण आयुष्य काढलं रस्त्यावर, अंगात मळका ओव्हरकोट आणि डोक्यावर उन्हाची हिरवी झापड. गळ्यात पाटी, शेक्सपिअर म्हणून दाखवेन, सहा पेनीपासून तीन शिलिंगपर्यंत. जसा पॅसेज तसा दर, रेट कार्डच म्हणा ना. बस, ट्रॅम, टॅक्सी कशाचंही भाडं द्यायचं नाही हे तत्त्व, टॅक्सीवाले तिला बघून पळ काढायचे आणि ती चालत्या गाडीच्या फूटबोर्डवर उडी मारायची. आणि याच बाईने 1955 मध्ये टॅक्सीने पर्थला जाऊन परत यायचं ठरवलं, कॉन्टिनेंटच्या त्या टोकाला, आणि त्याचं भाडं मात्र दिलं, 600 पौंड! लायब्ररीत ती रोज वाचायला यायची, शेवटी 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिला तिथे बंदी घातली. आणि आता त्याच लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभं राहून आम्ही पैसे देऊन तिची गोष्ट ऐकतोय.

आता माझी मुख्य तक्रार. गाईडने बी माइल्सची नक्कल केली. डोळे फिरवून, चिरका आवाज काढून, हात वेडेवाकडे करत. लोक हसले, सुरुवातीला मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण आई हसली नाही. हेडसेट बंद होता म्हणून असेल असं मला वाटलं, तर मला हळूच म्हणते, "अगं, शेक्सपिअर पाठ असलेली बाई अशी बोलेल का?" म्हटलं आई, मुद्दा आहे. शेक्सपिअर म्हणून दाखवायची म्हणून तर लोक पैसे द्यायचे ना तिला, मग एक ओळ तरी नीट म्हण बाबा, एवढी लायब्ररी मागे उभी आहे.

आणि परत तेच, अर्धी गोष्ट गायब. तरुणपणी तिला मेंदूचा एक आजार झाला होता आणि 1923 मध्ये बापानेच तिला ग्लेड्सव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. एका पेपरने तिची बाजू छापून आरडाओरडा केला तेव्हा 1925 ला सुटली. हे सगळं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चरित्रकोशात दिलेलं आहे, ऑनलाइन फुकट वाचता येतं, म्हणजे गाईडला माहीत नाही असं होऊच शकत नाही. आता हे कळल्यावर टॅक्सीच्या गोष्टीची मजा कमी होते का? मला तर जास्त कळली ती बाई. एकदा कोंडलेल्या माणसाला मग बंद दार, तिकीट, नियम यांचं काय वाटणार. म्हातारपणी रँडविकला नन्सच्या आश्रमात गेली तेव्हा तिने स्वतःचा हिशोब दिला होता म्हणे, ॲलर्जी नाही, गंड एक, भ्रम नाही, संकोच दोन, भीती तीन, अंधश्रद्धा नाही, वैफल्य नाही. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, माझ्या भीतीच दहा निघतील. 1973 ला गेली. अंत्ययात्रेला जॅझ बँड होता.

डोमेन नावाच्या बागेत विल्यम चिडली, त्याला जेमतेम चार मिनिटं दिली. ग्रुपमध्ये लहान मुलं होती हे मान्य, कारण या गृहस्थांचा मुख्य विषय होता नवरा-बायकोने नैसर्गिक पद्धतीने कसं राहावं, पण त्यातला फळं खा, ऊन घ्या, कपडे कमी घाला हा भाग तर सांगता आला असता! 1912 च्या आसपास हा माणूस छोटासा झगा घालून भर शहरात भाषण द्यायचा, स्वतःची पुस्तिका विकायचा आणि पोलीस त्याला परत परत उचलायचे. वेडा ठरवून आत टाकलं, लोकांनी सभा घेतल्या, सोडलं, परत टाकलं. 1916 च्या डिसेंबरमध्ये कॅलन पार्कच्या वेड्यांच्या इस्पितळातच वारला. आज तोच झगा घालून तो बाँडायला फिरला असता तर एकाने ढुंकून बघितलं नसतं, उलट योगा टीचर समजून नंबर मागितला असता.

शेवट टाऊन हॉलच्या बाजूला, सिडनी स्क्वेअरमध्ये. तिथे फरशीत ॲल्युमिनियममध्ये बसवलाय तो शब्द, लपेटदार अक्षरात, इटर्निटी. मी इथून किती वर्षं ट्रेन पकडतेय, शंभरदा त्याच्यावरून चालत गेली असेन, कधी दिसला नाही. लिहिणारा आर्थर स्टेस. दारुड्या घरात वाढलेला, स्वतःही दारूत बुडालेला, पहिल्या महायुद्धात स्ट्रेचर उचललेला, 1930 मध्ये चर्चमुळे दारू सुटली. 1932 ला एका प्रवचनात हा शब्द ऐकला आणि डोक्यात असा बसला की बाहेर आल्यावर खिशातला खडू काढून फुटपाथवर लिहिला. स्वतःची सही धड करता यायची नाही पण हा एक शब्द मोत्यासारखा. त्यानंतर 1967 ला मरेपर्यंत, 35 वर्षं, रोज पहाटे निघून शहरभर लिहीत फिरायचा. 1956 पर्यंत कोणाला पत्ता नव्हता कोण लिहितंय. एकूण पाच लाख वेळा लिहिला असेल असा अंदाज सांगतात. फुटपाथ खराब करतो म्हणून कितीदा पोलिसांच्या तावडीतून थोडक्यात वाचला, आणि मग 31 डिसेंबर 1999 च्या रात्री तोच शब्द दिव्यांनी अख्ख्या हार्बर ब्रिजवर झळकवला!

इथे टूरवाल्यांनी एक झकास आयडिया केलीये त्याला पूर्ण मार्क. प्रत्येकाला एक काळं कार्ड आणि एक पिवळा खडू देतात, फरशीतलं अक्षर बघून तसं लिहून बघा. सोपं वाटतं, नाहीये. माझा शेवटचा वाय खाली जाऊन सरळ कार्डाच्या बाहेर पडला. आई तिकडे पायरीवर बसली, कार्ड मांडीवर, खडू मोडून अर्धा केला, दोन बोटांत तिरका धरला आणि एका दमात लिहून मोकळी. तीस वर्षं शाळेत फळा लिहिलाय तिने. गाईड बघतच राहिला. ती त्याला खुणेने दाखवत होती की पूर्ण खडू धरलास तर दाबाने मोडतो, आणि नवीन गुळगुळीत खडू आधी कशावर तरी घासून घ्यायचा, नाहीतर कुईं असा आवाज येतो. मग माझ्याकडे वळून, "पाच लाख भागिले पस्तीस, भागिले तीनशे पासष्ट, एकोणचाळीस येतात. रोज एकोणचाळीस वेळा खाली वाकायचं. याच्या गुडघ्यांचं काय झालं असेल गं?" सगळ्या टूरमध्ये हा एकच प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि गाईडकडे अर्थात उत्तर नव्हतं.

प्रॅक्टिकल गोष्टी: चालणं तीनेक किलोमीटर, मध्ये बसायला लायब्ररीच्या पायऱ्या आणि हाइड पार्कमधली बाकं सोडून फारसं काही नाही. टॉयलेट ब्रेक ठेवलेला नाही, लायब्ररीत पटकन जाऊन या. शनिवारी मार्टिन प्लेसला वारा आणि गर्दी यात काही ऐकू येत नाही, आठवड्यातला दिवस घ्या. गाईडच्या जवळ चाला, हेडसेटच्या भरवशावर राहू नका. आणि पैसे वाचवायचे असतील तर सिडनी स्क्वेअर आणि ट्रिम मांजर दोन्ही फुकट आहे, घरून एक खडू घेऊन जा.

कंपनीला मी हे सगळं मेलवर लिहिलं, असायलमचं, नकलेचं, हेडसेटचं. दोन दिवसांत उत्तर आलं, फीडबॅकबद्दल आभार, टूर फॅमिली ऑडियन्ससाठी हलकीफुलकी ठेवतो, आणि गैरसोयीबद्दल भुतांच्या टूरवर 10 टक्के सूट. आई म्हणतेय जाऊया.