स्टेरॉइड नको म्हणून

मुलीच्या गालांवर पहिल्यांदा लालसर चट्टे उठले तेव्हा ती चार महिन्यांची होती. आधी वाटलं लाळेमुळे असेल. मग चट्टे खरखरीत झाले, कपाळावर आणि हातापायांवर पसरले, आणि रात्री ती माझ्या खांद्यावर गाल घासायला लागली. एवढ्या लहान बाळाला नीट खाजवता येत नाही, ते घासतं. सकाळी शर्टावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाहताक्षणी इसब म्हणून सांगितलं. दिवसातून तीन-चार वेळा लावायला बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर दिलं आणि चट्ट्यांवर थोडे दिवस लावायला 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनची छोटी ट्यूब.

मी वाचणारा माणूस. खोक्यातला तो घडीचा कागद घरी येऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्वचा पातळ होणं, वाढीवर परिणाम होणं, सगळं त्यात होतं. 'स्टेरॉइड' शब्द दिसला आणि ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. बायको म्हणाली, "अरे, डॉक्टरांनी दिलंय ना?" मी तिला कागद वाचून दाखवला. झालं, तीही घाबरली.

ओळखीतल्या कुणीतरी एका बाईंचा नंबर दिला. त्या लहान मुलांसाठी 'पूर्ण नैसर्गिक' मलम घरी बनवून विकायच्या. फोनवर त्यांचं जवळजवळ पहिलंच वाक्य होतं, "दादा, एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड लावू नका हो." मी तोंड उघडायच्या आत माझी भीती त्यांना ठाऊक होती. बहुधा फोन करणाऱ्या प्रत्येकाची तीच असते. मग मुलांचे फोटो आले, आधीचे आणि नंतरचे. घटक विचारले तर म्हणाल्या, "सात वनस्पती आहेत. नावं सांगितली तर उद्या दुसरं कुणीतरी विकायला बसेल." हे मला पटलं! डबी आली, तिच्यावर हिरवं पान आणि 'शंभर टक्के केमिकलमुक्त' एवढंच. घटकांची यादी नाही, बॅच क्रमांक नाही, बनवल्याची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. ट्यूबचा कागद डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या माणसाला यातलं काहीही खटकलं नाही. मलम पांढरंशुभ्र, गुळगुळीत होतं. सात वनस्पती कुटून असा रंग कसा येतो, हाही प्रश्न पडला नाही.

आणि गुण आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाल मऊ. तिसऱ्या रात्री ती सलग सहा तास झोपली, आम्हीही झोपलो. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण फसलो ते इथेच. मलमाने काहीच झालं नसतं तर डबी फेकून दिली असती. मी हौसेने मुलीचे आधीचे-नंतरचे फोटो काढून त्या बाईंना पाठवले, वर चार ओळी आभाराच्या.

पुढची डबी मोठी घेतली. "रोज लावत राहा, नुकसान काहीच नाही," असं त्या म्हणायच्या. डायपरच्या जागी लाली आली तर "तिथेही हेच लावा." एकदा डबी यायला उशीर झाला आणि चार दिवसांत पुरळ पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने उसळलं. त्या म्हणाल्या, "आतलं विष बाहेर पडतंय दादा, म्हणजे औषध लागू पडतंय." बरं वाटलं तरी मलमाचा गुण, बिघडलं तरी मलमाचाच गुण. या हिशेबात मलम हरणार कधी?

दरम्यान मुलीचे गाल गोल झाले. जो येईल तो म्हणे, काय छान बाळसं धरलंय. आम्हीही खूश.

लस द्यायला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तिला मोजलं आणि वाढीच्या तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. वजन वर चाललं होतं, लांबी मात्र अडकली होती. डायपर काढून पाहिलं तर जांघेतली त्वचा पातळ, चकचकीत, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतील अशी. कपाळावर आणि गालांवर मऊ लव वाढलेली.

"अंगाला काय लावता?"

"काही नाही, साधं नैसर्गिक मलम."

"डबी घेऊन या."

त्यांनी ती तपासणीला पाठवली. अहवालात एकच नाव ठळक होतं: क्लोबेटासोल प्रोपिओनेट. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडचे ताकदीनुसार गट असतात. हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यांत सौम्य गटात, क्लोबेटासोल सगळ्यांत तीव्र गटात. ते मोठ्या माणसालाही सहसा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त देत नाहीत, जांघेत-काखेत टाळतात. मी ते चार महिने, दिवसातून तीनदा, माझ्या तान्ह्या मुलीला लावत होतो. डायपरखालीसुद्धा. वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून लावलेलं औषध त्या मानाने रक्तात जास्त उतरतं. त्यावर डायपर घट्ट बसला की वरून पट्टी बांधल्यासारखं होतं, आणखी शोषलं जातं.

ते बाळसं नव्हतं, स्टेरॉइडने गोल झालेला चेहरा होता. बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. सकाळच्या रक्ततपासणीत ते दिसलं. मी म्हणालो, आजच्या आज डबी कचऱ्यात टाकतो. डॉक्टर म्हणाले, मलम बंद करायचंच, पण त्याच्या जागी काही न देता नाही. अशा वेळी एकदम सगळं तोडलं आणि बाळाला साधा ताप-उलटी झाली तरी जिवावर बेतू शकतं. काही महिने तिला पोटातून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागलं, मात्रा हळूहळू उतरवत. तेच, ज्याची ट्यूब मी फळीवर टाकली होती. शरीर स्वतः बनवतं ते कॉर्टिसोल म्हणजेच हायड्रोकॉर्टिसोन, हेही मला तेव्हाच कळलं. कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. 2003 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी इसबासाठी मुलांना लावली जाणारी 24 'वनौषधी' मलमं तपासली होती. त्यातल्या 20 मध्ये स्टेरॉइड निघालं, बऱ्याच मलमांत तीव्र किंवा अतितीव्र. म्हणजे ही युक्ती जुनी आहे.

त्या बाईंना फोन केला. आधी म्हणाल्या, असं असूच शकत नाही. मग म्हणाल्या, आम्ही तयार बेस बाहेरून मागवतो, त्यात कुणी काय घातलं आम्हाला काय माहीत. तिसऱ्या फोनला नंबर बंद. औषध नियंत्रण खात्याकडे अहवालासह तक्रार केली आहे, सीलबंद डबीही दिली. तुमच्याकडे अशी डबी असेल तर रागाच्या भरात फेकू नका, पुरावा तोच असतो.

इसब आजही आहे, ते आमच्या कुटुंबात आहे. आता करतो ते अगदी कंटाळवाणं आहे. पाच-दहा मिनिटांची कोमट अंघोळ, साबण जवळजवळ नाहीच, अंग घासून न पुसता टिपून घ्यायचं आणि ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापायचं, चोळायचं नाही. नखं कापलेली, कपडे सुती. बिनवासाचं म्हणजे यादीत सुगंधी द्रव्यच नको. काही वस्तूंना वास नसतो, पण मूळ वास दाबायला सुगंध घातलेला असतो. चट्टा उसळला की सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ साधारण मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. माप इतकं साधं आहे हे कळल्यावर निम्मी भीती गेली.

डायपरखालची लाली हे बहुतेक वेळा वेगळंच प्रकरण असतं. इसब तिथे सहसा येत नाही. ओल आणि शी-शूमुळे आलेली लाली फुगीर भागावर दिसते, घड्या त्यातून सुटतात. त्याला वारंवार डायपर बदलणं, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर पुरतो. लाली घड्यांतच गडद असेल आणि भोवती सुटे लाल ठिपके असतील तर बुरशीची शक्यता असते. तिच्यावर नुसतं स्टेरॉइड लावलं तर वरची लाली फिकी पडते आणि खाली बुरशी पसरत राहते. आमच्याकडे ते एकदा झालंही असणार, आता कळायला मार्ग नाही. आणि इसबावर अचानक दुखरे पाणीदार फोड घोळक्याने उठले, सोबत ताप असेल, तर घरी काहीही लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तिच्या रक्तातलं कॉर्टिसोल आता ठीक आहे. लांबी पुन्हा वाढते आहे. गाल उतरले, तेव्हा एकजण म्हणाले, "वाळली हो पोरगी."

मागच्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, बाळाच्या पुरळासाठी हे मलम कसं आहे, आणि आलेली जाहिरात मला पाठवली. नाव वेगळं, डबी वेगळी, पान तेच. खाली मुलांचे आधीचे-नंतरचे पाच फोटो. तिसरा माझ्या मुलीचा आहे.