बोनस ठरवून देणारी सेवा: दोन तारे, तेही फॉर्म लवकर भरून होतो म्हणून

मावशी आमच्याकडे सात वर्षं आहेत. थोरली चार महिन्यांची होती तेव्हा आल्या, आता धाकटाही साडेतीन वर्षांचा झाला. त्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्या एजन्सीने यंदा वर्षअखेरचा बोनस ठरवून द्यायची सेवा सुरू केली. डोक्याला ताप नको म्हणून पैसे भरून घेतली.

मुलं किती, तास किती, सुट्ट्या किती, एवढं विचारतात. पाच मिनिटांत काम संपतं. पण बाई किती वर्षं कामाला आहे हा प्रश्नच नाही! उत्तर आलं एका आठवड्याच्या पगाराचं, त्यातून आजारपणाच्या सहा रजा वजा. त्यातल्या चार रजांचा ताप आमच्याच घरातून गेलेला. धाकट्याच्या आजारपणात मावशींनी वहीत लिहिलेलं अजून आहे: 'पावणेतीन, औषध दिलं, अर्धं थुंकला.' तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच आडव्या झाल्या.

फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "मॅडम, बोनस म्हणजे खुशीचा मामला." मग खुशीत वजावट कसली?

शेवटी मीच कागद घेऊन बसले. जुन्या माणसाला निदान एक महिन्याचा पगार, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, ८.३३ टक्के. पण कमाई कुठली धरायची? माझ्या रात्रपाळ्यांमुळे मावशींचे जादा तास खूप होतात. वर्षभरात ते २.४ महिन्यांच्या पगाराएवढे भरले. म्हणजे १४.४ भागिले १२, सव्वाला थोडा कमी, १.२ पगार. एजन्सीने नुसता मूळ पगार धरलेला.

'रोख नको तर भेटवस्तू' असाही पर्याय आहे. कोणाला नको, ते विचारलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या घरकामगारांविषयीच्या करारात (क्रमांक १८९) मोबदल्याचा मर्यादित भागच वस्तुरूपात देता येतो, तोही कामगाराला मान्य असेल आणि वस्तू त्याच्या स्वतःच्या उपयोगाची असेल तर. आपल्या घरातला जुना मिक्सर त्यात बसत नाही.

सगळ्यात खटकला तो शेवटचा सल्ला: बोनस दिलात तर यंदा पगारवाढ टाळता येईल. बोनस एकदाच मिळतो, वाढ दर महिन्याला. मावशींना हे कळत नाही असं यांना वाटतं का? शिवाय बोनस एजन्सीमार्फत दिला तर त्यावर सेवाशुल्क.

मी पैसे थेट मावशींच्या खात्यात भरले, पगारवाढ वेगळी सांगितली आणि हिशेबाचा कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, आकडे बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "ताई, मार्चमधली एक रात्र राहिली." वही काढली. खरंच राहिली होती.