७२० नॅनोमीटर इन्फ्रारेड कॅमेरा आणि लहान गावांतील जुन्या इमारती: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मिररलेस कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तिच्या जागी ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (साधारण त्याहून लांब लहरींचा, म्हणजे मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशच आत सोडणारा) बसवून घेतल्याला बरेच महिने झाले. या काळात लहान गावांतील जुनी घरे, प्रार्थनास्थळे, बाजारचौक आणि वेशी यांखेरीज मी त्याने फारसे काही टिपलेले नाही. इमारत कितीही देखणी असली, तरी तिची भिंत आणि शेजारची झाडे यांचे कृष्णधवल छटांमध्ये कसे जमते यावरच छायाचित्राचे यश ठरते, असे माझे मत झाले आहे.

पानांतले हरितद्रव्य इन्फ्रारेड किरण शोषत नाही आणि पानांची आतली रचना ते जोरदार परावर्तित करते, म्हणून झाडे जवळजवळ पांढरी येतात. रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काळसर दगडाची भिंत या पांढऱ्या पानोऱ्यापुढे ठसठशीत उठून दिसते, तर चुना दिलेली भिंत त्यातच हरवते. लाल विटाही डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा बऱ्याच उजळ येतात. म्हणून फिकट भिंतींसाठी मी पानगळीनंतरचे निरभ्र दिवस निवडतो, कारण तेव्हा फांद्या उघड्या असतात आणि आकाश मात्र तितकेच गडद येते.

भरदुपारचे ऊन, जे एरवी टाळले जाते, ते इथे उपयोगी पडते. निळ्या आकाशातून येणाऱ्या उजेडात इन्फ्रारेडचा अंश अगदी कमी असल्याने छज्ज्याखालच्या आणि कमानीतल्या सावल्या खोल होतात, आणि कोरीव कामाचा उठाव स्पष्ट कळतो. ढगाळ दिवशी यातले काहीच मिळत नाही.

जवळून पाहताना खरी गंमत कळते. कंगोऱ्याच्या फटीत रुजलेले गवत साध्या छायाचित्रात लक्षातही येत नाही, इथे मात्र ते पांढऱ्या रेघेसारखे चमकते आणि गिलावा कुठे सुटला आहे ते सांगून जाते. जुन्या दुकानाच्या पांढऱ्या पाटीवरील लाल अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात, काजळीच्या काळ्या रंगातली तशीच राहतात. त्यामुळे पाटी महत्त्वाची असेल, तर साधे छायाचित्रही सोबत घ्यावे.

त्रास दिला तो एका लेन्सने. एफ/८ च्या पुढे छिद्र लहान केले, की चौकटीच्या मध्यभागी फिकट गोल डाग उमटतो, आणि सपाट गिलाव्यावर तो लपत नाही. एफ/५.६ वर तो बराच कमी होतो. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस ठरवत असल्याने इन्फ्रारेडमध्ये फोकस सरकण्याची जुनी अडचण मात्र आली नाही.

कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड फिल्मचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. तिच्यातल्या उजळ भागांभोवती पसरणारी प्रभा डिजिटलमध्ये आपोआप येत नाही. इमारतींसाठी मला तिची उणीव भासत नाही, कारण दगडाच्या ज्या कडा मला हव्या असतात, त्याच ती खाऊन टाकते.

केवळ कृष्णधवल करायचे असेल, तर ८३० नॅनोमीटरचा फिल्टर काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये अधिक तीव्र विरोध देतो, पण त्याला उजेड जास्त लागतो. अरुंद गल्ल्यांत कॅमेरा हातात धरूनच काम करावे लागत असल्याने मी ७२० वरच समाधानी आहे.