‘बॉर्न स्टँडिंग अप’: विनोदाच्या उमेदवारीचा चोख हिशेब

स्टीव्ह मार्टिन म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडच्या चित्रपटांतला किंवा ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ या मालिकेतला पांढऱ्या केसांचा, थोडासा शिष्ट वाटणारा नट येतो. हाच माणूस १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली क्रीडासंकुले भरवणारा स्टँड-अप विनोदवीर होता आणि १९८१मध्ये, ऐन भरात असताना, त्या धंद्यातून बाहेर पडला, हे अनेकांना ठाऊक नसते. २००७मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बॉर्न स्टँडिंग अप’ हे आत्मकथन नेमके त्या पहिल्या आयुष्याबद्दल आहे. सुमारे दोनशे पानांचे छापील पुस्तक आणि खुद्द लेखकाने वाचलेले चार तासांच्या आसपासचे ऑडिओबुक, अशा दोन्ही रूपांत ते मिळते.

विनोदी कलावंतांच्या आत्मचरित्रांत सहसा किश्श्यांचा पाऊस असतो आणि कामाबद्दल फारसे काही हाती लागत नाही. इथे उलटे आहे. मार्टिन यांनी आपल्या स्टँड-अपच्या अठरा वर्षांची विभागणीच अशी केली आहे: दहा वर्षे शिकण्यात, चार वर्षे घासूनपुसून काढण्यात आणि चार वर्षे अफाट यशात गेली. पुस्तकाचा मोठा भाग पहिल्या दहा वर्षांना दिलेला आहे, आणि तोच सर्वांत रसाळ उतरला आहे. १९५५मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा दहा वर्षांचे मार्टिन तिथे माहितीपुस्तिका विकत होते आणि प्रत्येक प्रतीमागे त्यांना दोन सेंट सुटत. फावल्या वेळात ते तिथल्याच वॉली बोग या विनोदवीराचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा पाहत. फुग्यांचे प्राणी करण्याची कला त्यांनी तिथूनच उचलली. पुढे तिथल्याच जादूच्या दुकानात विक्रेत्याचे काम, मग नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानातल्या छोट्याशा बर्ड केज नाट्यगृहात रोजचे प्रयोग. कोणता विनोद चालला, कोणता पडला, काय गाळायला हवे, याच्या नोंदी हा मुलगा शाळकरी वयापासून ठेवत होता. आपल्याकडे एकपात्री किंवा स्टँड-अप करू पाहणाऱ्या तरुणांनी निदान ही प्रकरणे तरी वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

पुस्तकाचा गाभा मात्र एका विचारात आहे. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत असताना मार्टिन यांना असे जाणवले की विनोदवीर आधी ताण निर्माण करतो आणि शेवटच्या वाक्याने तो मोकळा करतो. पण श्रोते अनेकदा त्या वाक्याच्या ठरावीक लयीला सवयीने हसत असतात, विनोदाला नव्हे. मग ते शेवटचे वाक्य दिलेच नाही तर? ताण वाढत राहील, श्रोता अखेर स्वतःच हसण्याची जागा निवडेल आणि ते हसू त्याचे स्वतःचे असेल. डोक्यातून आरपार गेलेला खोटा बाण, बँजो, अचानक थिरकणारे पाय, कमालीचा आत्मविश्वास मिरवणारा आणि काहीच न येणारा कलावंत, हे सगळे वेडेपण या विचारातून आले. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात कार्यक्रम संपला तरी श्रोते उठेनात, तेव्हा मार्टिन त्यांना घेऊन बाहेर पडले, एका कोरड्या पोहण्याच्या तलावात त्यांना उतरवले आणि त्यांच्या हातांवरून ‘पोहत’ पलीकडे गेले. या प्रसंगाचे वर्णन कोणताही आव न आणता केले आहे आणि म्हणूनच ते लख्ख दिसते.

दूरचित्रवाणीसाठी लेखन, १९६९मध्ये लेखकांच्या चमूसोबत मिळालेले एमी पारितोषिक, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन हे भाग झरझर जातात. त्या काळातल्या अमेरिकी कार्यक्रमांची नावे मराठी वाचकाला अनोळखी वाटतील, तिथे थोडे अडखळायला होते. यशाची प्रकरणे बहुधा मुद्दामच कोरडी आहेत. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावे म्हणून पांढरा सूट आला. पण तिथवर पोहोचेपर्यंत लोकांना सगळे पाठ झाले होते, आणि प्रयोग करून पाहायला जागाच उरली नव्हती. मंच का सोडला याचे उत्तर त्यात येते, आणि त्यात रडगाणे नाही.

वडिलांविषयीचा भाग मात्र चटका लावतो. स्वतः नट होण्याची इच्छा बाळगलेल्या आणि पुढे जमीन-घरांच्या व्यवसायात स्थिरावलेल्या ग्लेन मार्टिन यांनी मुलाच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वरील पदार्पणावर आपल्या व्यावसायिक संघटनेच्या पत्रकात चक्क प्रतिकूल अभिप्राय छापला होता. ‘द जर्क’ या १९७९च्या चित्रपटानंतरही, मुलगा काही चॅप्लिन नाही, एवढेच त्यांचे मत पडले. लेखकाने हे सारे कडवटपणा न आणता, पण काहीही न लपवता सांगितले आहे.

आता कोणती आवृत्ती घ्यावी? माझी पसंती छापील पुस्तकाला आहे. मार्टिन यांचा विनोद शरीराचा आणि वस्तूंचा होता, त्यामुळे सोबतची जुनी छायाचित्रे वगळली तर बरेच काही निसटते. ऑडिओबुकमध्ये त्यांचे वाचन संथ, काहीसे सपाट आहे. वडिलांच्या प्रकरणात तो संयम शोभतो, इतरत्र मात्र मंचावरचा तो बेफाम माणूस हाच का, असा प्रश्न पडतो. पुस्तकाची मोठी उणीव म्हणजे अभिनेता मार्टिन इथे जवळजवळ नाहीच. चित्रपटांच्या उंबरठ्यावर येऊन कथन थांबते. ती भूक असलेल्यांनी मॉर्गन नेव्हिल यांनी दिग्दर्शित केलेला, २०२४मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर आलेला दोन भागांचा माहितीपट पाहावा. त्याचा पहिला भाग याच काळाचा आहे, पण पुस्तक वाचून झाल्यावर पाहिला तर त्यातली जुनी चित्रफीत अधिक बोलकी वाटते. दुसऱ्या भागात चित्रपट, विनोदी अभिनेते मार्टिन शॉर्ट यांच्याशी असलेली मैत्री आणि उतारवयातले घरगुती आयुष्य येते.